पलीकडच्या बाकावरची बाई
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘खेळाने मला काय दिले’. या विषयावर मी शाळेत पोरांकडून इतके निबंध लिहून घेतले आहेत की आता स्वतः बोलायची हिंमत होत नाही. म्हणून एका प्रशिक्षक बाईंबद्दल बोलतो. त्यांची माझी भेट नाही. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी माझी झोप उडवली.

तारीख २४ ऑगस्ट २०१८, शुक्रवार. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध इराण. आदल्या दिवशी आपले पुरुष उपांत्य फेरीत इराणकडूनच हरले होते. १९९० पासून सलग सात सुवर्णपदकं आपली, आणि एका संध्याकाळी सगळं संपलं. निदान पोरी तरी राखतील अशी आशा होती. २०१० आणि २०१४, दोन्ही वेळा सोनं त्यांचंच होतं आणि २०१४ चा अंतिम सामना तर याच इराणला हरवून जिंकला होता.

आम्ही पाच-सहा मास्तर एका मोबाईलवर वाकून बघत होतो. बाहेर पाऊस, रेंज जात-येत होती. मध्यंतराला आपण पुढे होतो. शेवटी २७-२४ नं हरलो. स्क्रीनवर आपल्या पोरी रडत होत्या आणि इराणच्या पोरी डोक्याला रुमाल बांधलेल्या, एका भारतीय बाईच्या गळ्यात पडत होत्या. त्या बाई म्हणजे शैलजा जैन. आपल्या नाशिकच्या.

आमच्या खोलीत दोन तट पडले. एक सर म्हणाले, आपलीच माणसं आपल्याला हरवतात. मीही तेव्हा मान हलवली. घरी गेल्यावर मात्र विचार करत बसलो. या बाईंनी नाशिकात वर्षानुवर्षं पोरी घडवल्या. भारतीय संघाची धुरा काही त्यांच्याकडे आली नाही. इराणनं बोलावलं, आधी त्यांनी नाही म्हटलं, मग गेल्या. पक्क्या शाकाहारी. भाषा येईना तर फारसी शिकल्या, कारण दुभाष्यामार्फत पोरीला रागावता येत नाही आणि समजावता तर त्याहून येत नाही. (हे कारण माझं, त्यांचं नव्हे. पण माडिया बोलणाऱ्या पोरींच्या शाळेत मी सहा वर्षं काढली आहेत, म्हणून खात्रीनं सांगतो.)

त्यांनी सरावात योग आणि प्राणायाम आणला. कबड्डीत चढाई एका दमावर असते हे आपण सगळे लहानपणापासून जाणतो. हुतूतू घालत पलीकडे जायचं आणि दम तुटायच्या आत मध्यरेषेला हात लावायचा. तरी किती शाळांत दमाचा वेगळा सराव होतो? मी पंचवीस वर्षांत एक दिवस घेतला नव्हता. मी पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो आणि खुर्चीवर बसायचो. आपल्याच विदर्भातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ साली बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवली, हे मी दर क्रीडादिनी भाषणात सांगायचो. सांगायला काय जातं.

आता जे सांगायचं म्हणून उभा राहिलो ते सांगतो.

जकार्ताच्या बऱ्याच आधी माझ्या शाळेत एक मुलगी होती. नाव सांगत नाही, तिचं गाव इथून लांब नाही. अंगानं काडी. पण रोवणीच्या चिखलात लहानपणापासून वावरलेली, पाय असे रुतवायची की हलवता येत नसे. डाव्या कोपऱ्यातून घोट्याची पकड करायची तर मुलांच्या संघातल्या पोरालाही सोडवता येत नव्हती. तालुक्याच्या सामन्यांसाठी संघ निवडला तेव्हा मी तिला राखीव ठेवलं. कारण सांगितलं, वजन कमी पडतं. खरं कारण वेगळं होतं. रोवणीच्या पंधरा दिवसांत ती सरावाला आली नव्हती आणि मी मनात म्हटलं, दहावी झाली की हिचं लग्न होईल, कशाला जागा अडवायची. ती काही बोलली नाही. सामन्याच्या दिवशी तिनं सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, डाव्या कोपऱ्यातूनच पाच गुण गेले. त्यानंतर ती मैदानावर आली नाही. दहावीनंतर लग्न झालं. म्हणजे मीच बरोबर ठरलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो.

इराणमध्ये मुलींनी खेळावं की नाही यावर आपल्याकडच्यापेक्षा कमी अडथळे नसतील. त्या बाईंनीही म्हणता आलं असतं, या पोरी किती दिवस खेळणार! मी म्हटलं. त्यांनी म्हटलं नाही. माझ्या आणि त्यांच्या कारकिर्दीतला फरक तेवढा धरा, पदक बाजूला ठेवा.

पुढे भारतीय मुलींनी हांगझोऊला सोनं परत आणलं, तैवानविरुद्ध २६-२५. एका गुणानं. तेव्हा मी निवृत्त होऊन आपल्या या शाळेच्या मैदानावर आलो होतो. मुख्याध्यापक बाईंनी परवानगी दिली. आता चौदा मुली येतात. आधी दहा मिनिटं श्वासाचा सराव, मग पकड. रोवणी, धानकापणी, तेंदूपत्ता या दिवसांत ज्या येत नाहीत त्यांचं नाव वहीतून काढत नाही. एकीची आई परवा आठवडी बाजारात भेटली. मी ओळखलं, तिनं आधी ओळखलं होतं. म्हणाली, “सर, पोरगी बारीक आहे, पण घ्याल ना?” मी मान खाली घालून हो म्हटलं. त्या जुन्या संघाचा विषय तिनं काढला नाही, मलाही काढता आला नाही. आज तिच्याऐवजी तुमच्यासमोर काढला, हे सोपं आहे हे मला कळतं.

मैदानाबद्दल एकच विनंती. मुरूम उघडा पडला आहे, गुडघे सोलतात. दोन ट्रॅक्टर काळी माती आणि कुंपणाला थोडी तार लागेल, ढोरं शिरतात. फक्की मी आणतो. वर्गणीची वही आपल्या बॅचच्या सुधाताईंकडे दिली आहे. आणि सराव संध्याकाळी पाचला असतो. ज्यांची गाडी सातची आहे, त्यांनी जेवण झाल्यावर झोपू नये, मागच्या फाटकानं यावं.