जांभ्यावर नाव टिकत नाही

आमच्या रत्नागिरीत घर बांधायला निघालेला माणूस आधी चिऱ्यांचा भाव विचारतो. पायाला जांभ्याचा चिरा, विहिरीला चिरा, गडग्याला चिरा, आणि शेवटी कबरीच्या चारी बाजूंनाही चिराच. माझ्या अब्बांच्या कबरीला तसेच चिरे आहेत. त्यांवर नाव नाही. मे महिन्यात कुवेतहून आलेला भाचा म्हणाला, "मामू, नानांच्या कबरीवर काळा ग्रॅनाइट बसवूया. नाव कोरून. खर्च माझा." मला लगेच हो म्हणवेना.

ग्रॅनाइट आमच्या गावचा नव्हे. जमिनीच्या पोटात, काही किलोमीटर खोल, तापलेला शिलारस लाखो वर्षं सावकाश निवत जातो तेव्हा तो बनतो. घाई नसल्यामुळे गारगोटी, फेल्स्पार आणि अभ्रक यांचे ठसठशीत कण एकमेकांत घट्ट गुंततात. पाण्याला आत शिरायला फारशी जागा राहत नाही. म्हणून त्याला झिलई चढते, कोरलेल्या अक्षराची कड शाबूत राहते.

आमचा जांभा उलट स्वभावाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस जमिनीवर पसरून महाराष्ट्राचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट झाला. पुढे कोकणातल्या उन्हापावसानं त्यातली सिलिका आणि चुना धुऊन नेला. मागे राहिलं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. जांभ्याचा तांबडा रंग हा लोखंडाचा गंजच. खाणीत तो मऊ असतो, हत्यारानं तासता येतो. वारा लागला की टणक होतो. फ्रान्सिस बुकनननं केरळात अंगाडिपुरमला हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' नाव दिलं. आमच्याकडे मात्र त्याआधीच जयगड, विजयदुर्गासारखे किल्ले याच चिऱ्यांनी उभे राहिले होते.

पण टणक झाला तरी जांभा भोकाभोकांचाच. पाऊस पितो, शेवाळ धरतो. जुन्या गोव्यात १६०५ साली पूर्ण झालेल्या बॉम जेझूस चर्चचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला. उघडा जांभा लोकांना देखणा वाटला, पावसाळ्यांनी मात्र तो पोखरला. २०२० मध्ये गिलावा परत करा अशी मागणी झाली. मूळ बांधणाऱ्यांना आपला दगड ठाऊक होता, असंच मला वाटतं.

बारीक अक्षर तर जांभ्यावर बसतच नाही. आमच्या कबरस्तानात आंब्याखाली तीन खचलेल्या कबरी आहेत. त्यांतली एक माझ्या आजोबांची. कुठली, हे अब्बांना माहीत होतं. मी त्यांना विचारून ठेवलं नाही. आता ईदच्या दिवशी तिन्हींपाशी उभा राहतो.

याच जांभ्यानं काही राखलेलंही आहे, ते सांगायला हवं. सड्यावरची कातळशिल्पं पाहा. राजापूर तालुक्यात कशेळीला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. अभ्यासक या शिल्पांचं वय हजारो वर्षांत मोजतात. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सड्याची वरची साल टणक, रेघा रुंद आणि खोल, वर कित्येक ठिकाणी मातीचं पांघरूण. हत्ती टिकला. कोरणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही.

भाच्याबरोबर फरशीच्या वखारीत गेलो तेव्हा एक गंमत कळली. बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून विकला जाणारा दगड भूगर्भशास्त्राच्या हिशेबात बहुधा ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे आमच्या बेसॉल्टचाच चुलतभाऊ. फक्त जमिनीखाली जरा सावकाश निवलेला. माझा अर्धा विरोध तिथेच गळाला.

उरलेला अर्धा जमातीतल्या एका बुजुर्गांचा होता. कबर साधी असावी, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. शेवटी ठरलं ते असं : चिरे हलवायचे नाहीत, झिलईचा ओटा नको, डोक्याशी वीतभर पाटी फक्त. नाव आणि साल.

"अक्षरं उर्दू ना, मामू?" भाच्यानं विचारलं.

अब्बा मुंबईहून अम्मीला पोस्टकार्डं पाठवायचे ती मराठीत. मी एक कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. म्हटलं, यावरची सही कारागिराला दाखव.