लॉवेलचा कालवा आणि टांगलेला दरवाजा

आज जाऊया अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलला.

इथे मेरिमॅक नदी साधारण ३२ फूट खाली उतरते. त्या धबधब्याला वळसा घालून १७९६ साली पॉटकेट कालवा खणला. कशासाठी? तर लाकडाचे तराफे आणि होड्या न्यायला. पण १८०३ मध्ये थेट बॉस्टनकडे जाणारा मिडलसेक्स कालवा सुरू झाला आणि याचा धंदा बसला. १८२१ मध्ये बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी तो विकत घ्यायला सुरुवात केली. त्यांना होड्यांशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यांना हवा होता तो उतार. १८२३ मध्ये पहिली कापड गिरणी चालू झाली.

गंमत बघा. वरच्या कालव्यातलं पाणी गिरणीच्या चाकावरून साधारण १३ फूट खाली यायचं, खालच्या कालव्यात जमायचं आणि पुढच्या गिरणीत आणखी १७ फूट उतरायचं. म्हणजे एकच पाणी दोनदा कामाला! ते गिरण्यांना मोजून मिळायचं. त्याचं माप होतं 'मिल पॉवर': ३० फूट उतारावर सेकंदाला २५ घनफूट पाणी.

हे सगळं सांभाळायला १८३७ मध्ये मुख्य इंजिनियर नेमला जेम्स फ्रान्सिस. वय २२! आज जगभरच्या जलविद्युत केंद्रांत दिसणारं फ्रान्सिस टर्बाइन याच्याच नावाचं.

पण मला त्याचा दरवाजा जास्त आवडतो. जुन्या पुरांची माहिती तपासल्यावर त्याच्या लक्षात आलं की मोठा पूर आला तर नदी या कालव्यातूनच शहरात घुसेल. खाली गिरण्या, आणि त्यात काम करणाऱ्या हजारो मुलींची वसतिगृहं. म्हणून १८५० मध्ये त्याने कालव्याच्या तोंडावर जाड लाकडी तुळयांचा प्रचंड दरवाजा टांगून ठेवला. रोजच्या कामात त्याचा उपयोग शून्य. लोकांनी नाव ठेवलं, 'फ्रान्सिसचा खुळेपणा'.

एप्रिल १८५२ मध्ये नदी फुगली. टांगलेलं लोखंड तोडून दरवाजा खाली सोडला आणि शहर वाचलं. १९३६ च्या महापुरात तोच दरवाजा पुन्हा उतरवावा लागला. मध्ये ८४ वर्षं गेली होती!

आम्ही सॉफ्टवेअरवाले बॅकअपसाठी पैसे मागतो, तेव्हा "गेल्या वर्षी कधी लागला?" असं विचारतात. एका वर्षाचा हिशोब लावला असता तर हा दरवाजा कधीच बांधला गेला नसता.

तुमच्या गावातही असं काही टांगून ठेवलेलं असेल तर नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!