घरचा चिटणीस
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या मेळाव्यात चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली तेव्हा विषय आम्हीच निवडावा, एवढी सवलत संघाच्या चिटणिसांनी आम्हांस दिली. त्या सवलतीचा लाभ घेऊन आम्ही त्यांच्या पदनामावरच बोलण्याचे योजिले आहे. चिटणीस हा शब्द आपण सभासंस्थांपुरता ठेवून दिला आहे. परंतु प्रत्येक घरास चिटणीस लागतो आणि ज्या घरी तो नाही त्या घरची काय दशा होते, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

फडणीस, पारसनीस, वाकनीस, चिटणीस या सर्व शब्दांच्या शेवटी जो ‘नीस’ आहे तो फारसी ‘नवीस’ होय. त्याचा अर्थ लिहिणारा. आपण ज्यास मदतनीस म्हणतो तो शब्दही याच वळणावर घडला आहे. म्हणजे नुसता हाताखालचा माणूस तो मदतनीस नव्हे. त्याच्या हाती लेखणी आहे हे आपल्या भाषेने पूर्वीच सांगून ठेविले आहे.

इ. स. १६७४ मध्ये शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांची कामे कानुजाबत्यात बांधून देण्यात आली. त्यांपैकी मंत्री म्हणजेच वाकनीस. पेशवे, अमात्य, सेनापती यांची कामे सर्वांस ठाऊक असतात. या वाकनिसाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. आमंत्रणे-निमंत्रणे त्याने सांभाळावी, रोज घडेल त्याची टिपणे ठेवावी, महाराजांच्या खाजगीकडे नजर ठेवावी, असे त्याचे काम. एवढ्या कामासाठी एक स्वतंत्र प्रधान! आपणांपैकी कित्येकांस आज वाटेल की, आमंत्रणे लिहून ठेवणे हे काय प्रधानकीचे काम? ज्यांच्या घरी एकाच दिवशी दोन लग्ने आणि एक बारसे येऊन ठाकले आहे व आहेराची वही सापडत नाही, त्यांस ही शंका येणार नाही.

महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका शाळेत मुलांस आम्ही अनेक वर्षे सांगत आलो. महाराजांनी एक पत्र लिहावयास सांगितले होते. कामाच्या गर्दीत ते राहून गेले. रात्री महाराजांनी वाचावयास सांगताच बाळाजींनी कोरा कागद हाती धरून सबंध पत्र घडघडीत वाचून दाखविले, अशी ती कथा. मुलांस ती फार आवडे. बुद्धीचे कौतुक म्हणून ती ठीकच आहे. परंतु सेवानिवृत्तीनंतर चार घरी जाणे-येणे वाढले, तेव्हा आमच्या ध्यानी एक वेगळीच गोष्ट आली. आपल्या बहुतेक घरी गृहिणी या कोऱ्या कागदावरून वाचत असतात. दुधाचे खाडे किती झाले, गॅसचा नंबर कधी लावावयाचा, विम्याचा हप्ता कोणत्या महिन्यात, घरपट्टीची पावती कोणत्या पिशवीत, सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची, नणंदेच्या मुलीच्या लग्नात आपण काय दिले होते, हे सारे तिच्या मस्तकात असते आणि लिहिलेले कोठेही नसते. वाचणारी आहे तोवर कागद कोरा आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आमचे एक स्नेही, तेही शिक्षकच, गणिताचे. वर्गात त्यांचा हजेरीपट आणि दैनिक टाचण इतके नीटनेटके की, तपासणीस आलेले अधिकारी ते इतरांस दाखवीत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी अल्पशा आजाराने निवर्तल्या. तेरावा दिवस होऊन पाहुणे परतले आणि या गृहस्थांस आढळून आले की, स्वतःच्या घरात आपण परके आहोत. कपाटाची किल्ली सापडली. आतील पुरचुंड्यांचा अर्थ लागेना. वीजबिल भरले गेले नाही म्हणून वीज तोडल्याची सूचना आली. मुलगा परदेशी, तो रोज रात्री दूरध्वनी करी व इकडे हे “सर्व ठीक आहे” म्हणून सांगत. पुढे नोव्हेंबर गेला आणि हयातीचा दाखला देण्याचे राहिले, कारण त्या महिन्यात बँकेत जावयाचे असते ही आठवण दरवर्षी त्या माउलीने दिलेली होती. निवृत्तिवेतन थांबले. बँकेत गेले तर खिडकीवरील मनुष्याने, “काका, तुम्ही हयात असल्याचे आमच्याकडे नाही,” असे सांगितले. तो आपल्या परीने नियमच सांगत होता. परंतु पत्नीवियोगाने खचलेल्या माणसास ते शब्द कसे लागले असतील, याची कल्पना आपण करावी. पुढे कित्येक दिवस ते घराबाहेर पडले नाहीत.

या प्रसंगी त्यांच्या घरी एक चिटणीस आला. खरे म्हणजे आली. जवळच्याच चाळीतील वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. आठवड्यातून तीन दिवस, सायंकाळी दोन तास. पहिले पंधरा दिवस तिने दुसरे काहीच केले नाही. पुरचुंड्या सोडल्या, कागद वेगळे केले व प्रत्येकावर पेन्सिलीने महिना लिहिला. नंतर एक दोनशे पानी वही घातली. तीत बारा महिन्यांची बारा पाने. ज्या महिन्यात जे देणे वा करणे आहे ते त्या पानावर. शेवटी डॉक्टर, औषधवाला, नळदुरुस्तीवाला, नातलग यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत. औषधांसाठी सात खणांची डबी आली. आमच्या स्नेह्यांनी आरंभी पुष्कळ कुरकुर केली. “चाळीस वर्षे मुलांस शिस्त लाविली, आता ही पोर मला शिस्त लावणार!” असे ते आम्हांस म्हणाले. परंतु महिन्याभराने त्याच वहीत त्यांच्या अक्षरात नोंदी दिसू लागल्या, आणि पुढील नोव्हेंबरात ते स्वतः बोटाचा ठसा देऊन दाखला करून आले. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या नावाने तो यंत्रावरही देता येतो, ही माहिती त्या मुलीनेच काढली होती.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे काम. मोठ्या लोकांस स्वीय सहायक असतात, आपणांस ते कोठून परवडणार? यास्तव एका मोठ्या मनुष्याच्या मदतनिसाकडे पाहू. महादेवभाई देसाई हे कायद्याचे पदवीधर. १९१७ साली ते महात्मा गांधींकडे आले आणि १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, बंदिवासाच्या सातव्या दिवशी, त्यांचे देहावसान झाले. वय अवघे पन्नास. ही पंचवीस वर्षे त्यांनी गांधीजींचा पत्रव्यवहार पाहिला, भेटीगाठींची व्यवस्था ठेविली, त्यांच्या आत्मकथेचे इंग्रजी भाषांतर केले आणि दैनंदिनी लिहिली. त्या दैनंदिनीचे अनेक खंड आज छापील मिळतात. गांधीजींची शिस्त आपण वाखाणतो. तिचा किती भार दुसऱ्याच्या मनगटावर होता, हे त्या खंडांकडे पाहिले म्हणजे कळते. त्यांची समाधी त्याच आवारात, कस्तुरबांच्या समाधीजवळ आहे. पुण्यास जाणाऱ्या मंडळींनी ती अवश्य पाहावी.

दिवसाची वाटणी करण्याची विद्याही आपणांकडे नवी नाही. कौटिल्याने राजाच्या दिवसाचे आठ व रात्रीचे आठ भाग केले. म्हणजे प्रत्येक भाग दीड तासाचा. त्यांत आयव्यय ऐकण्यास एक भाग, प्रजेची गाऱ्हाणी पाहण्यास एक, स्नान, भोजन व स्वाध्याय यांस एक, पत्रव्यवहारास एक. आणि एक भाग स्वेच्छेने घालविण्यासही ठेविला आहे. हा शेवटला भाग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. सेवानिवृत्त मनुष्याचा सगळाच दिवस स्वेच्छेचा असतो व म्हणूनच त्याच्या हातून काहीच होत नाही. तेव्हा आठवड्यात एक वार व एक घटका कागदांसाठी ठरवावी, मदतनीस त्याच वेळी यावा, आणि बाकीचा वेळ नातवंडांस, भजनास अथवा पत्त्यांस खुशाल द्यावा.

आता यंत्राविषयी. हल्ली खिशातील दूरध्वनीच मराठी ऐकतो व मराठीत उत्तर देतो. “संध्याकाळी सात वाजता गोळीची आठवण कर” म्हटले की तो करतो. बारीक छापील मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवितो. दृष्टी मंदावलेल्यांस ही देणगीच आहे. आमच्या वयाच्या मंडळींनी त्याचा तिटकारा करू नये. परंतु गोळीची आठवण करून देणारे यंत्र ती घेतली की उशीखाली ठेविली हे पाहत नाही. शिवाय, न येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर काही विद्यार्थी ज्या आत्मविश्वासाने ठोकून देत, त्याच आत्मविश्वासाने ते कधी कधी चुकीचेही सांगते. म्हणून औषधाचे प्रमाण त्यास विचारून बदलू नये. ते डॉक्टरांसच विचारावे.

यंत्र असो वा माणूस, काही गोष्टी मात्र हाताबाहेर जाऊ देऊ नयेत. बँकेचा गुप्त क्रमांक आणि दूरध्वनीवर येणारा सांकेतिक अंक कोणासही सांगू नये. आपल्या मदतनिसासही नाही, भाच्यासही नाही. यात अविश्वास नसून त्या मुलाचेच रक्षण आहे, कारण उद्या पैसे गहाळ झाले तर पहिला आळ त्याच्यावर येतो. खातेदाराने स्वतः गुप्त अंक दिल्यामुळे झालेली हानी, तो बँकेस कळवीपर्यंत, त्यानेच सोसावी, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितले होते. फसवणूक झालीच तर लाजून न बसता १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. जितका विलंब तितकी पैसे अडविले जाण्याची आशा कमी. कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवणे ही सोय नव्हे, घात होय. मुखत्यारपत्र द्यावयाचे तर कामापुरते, वकिलाकडून लिहवून द्यावे. आणि लिहून देणाऱ्याच्या निधनाबरोबर त्याचा अंमल संपतो हे ध्यानात ठेवावे. पुष्कळ कुटुंबे त्याच्याच भरवशावर राहून मृत्युपत्र करीत नाहीत.

मोबदल्याविषयी थोडे स्पष्ट बोलावे लागेल. “आपल्याच ज्ञातीचा मुलगा आहे, चहा-पोहे दिले म्हणजे झाले,” हे वाक्य आम्ही या सभागृहातील काही मुखांतून ऐकिले आहे. ज्ञातीचा म्हणून फुकट राबविणे ही ज्ञातिसेवा नव्हे. किती तास, किती रक्कम व कोणती कामे हे प्रथमच ठरवावे आणि रक्कम ठरल्या तारखेस हाती द्यावी. चिटणीस म्हणून आलेल्या मुलीस भाजी निवडावयास बसवू नये. तद्वतच मदतनीस ज्ञातीचाच हवा हा आग्रहही आम्हांस पटत नाही. वर सांगितलेली विद्यार्थिनी आपल्या ज्ञातीची नव्हे. आमच्या स्नेह्यांच्या घरी पहिल्या दिवशी तिला पाणी कोणत्या पेल्यातून द्यावयाचे, असा प्रश्न एका वृद्ध आप्तांनी हळूच काढिला होता. आमच्या स्नेह्यांनी काही न बोलता स्वतःचा चांदीचा पेला भरून तिच्यापुढे ठेविला. तो प्रश्न पुन्हा निघाला नाही.

येथे उपस्थित भगिनींस एक विनंती. जे आपल्या मस्तकात आहे ते कागदावर उतरू द्या. वही धरून यजमानांस समोर बसवा आणि आपण सांगा, त्यांस लिहू द्या. त्यांच्या हाताने लिहिलेले त्यांस पुढे सापडेल. आमच्या सौभाग्यवतींनी गेल्या दिवाळीपासून हा प्रयोग आम्हांवर चालविला आहे. अक्षरावरून व शुद्धलेखनावरून आता आम्हांस घरी बोलणी बसतात, ही गोष्ट वेगळी.

संघापुढे आमची सूचना एवढीच आहे. आपल्या विद्यार्थी वसतिगृहात होतकरू मुले-मुली आहेत. दुसरीकडे ज्यांची मुले दूरदेशी आहेत अशी वृद्ध दांपत्ये व एकाकी सभासद आहेत. दोहोंची गाठ घालून देण्याचे काम कार्यालयाने करावे. ज्यांस मदतनीस हवा त्यांची एक यादी, ज्यांस काम हवे त्यांची दुसरी. ज्यांस मोबदला झेपणार नाही त्यांच्यासाठी शिक्षणनिधीतून अर्धी रक्कम देता येईल काय, याचा विचार कार्यकारी मंडळाने करावा. तो पैसा अखेर विद्यार्थ्याकडेच जातो. आरंभी दहा घरे मिळाली तरी पुरे. यादीसाठी एक वही आम्ही समवेत आणली आहे. ती व्यासपीठाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर ठेविली आहे. भोजनास जाण्यापूर्वी सभासदांनी नाव व पत्ता सुवाच्य अक्षरांत लिहावा. आणि ज्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावयाचा आहे, त्यांनी नावापुढे तशी खूण करावी, म्हणजे ऑक्टोबराच्या अखेरीस कोणी तरी त्यांचे दार ठोठावील.