आडवी बाटली, उभी बाटली
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय सर, बाई, आणि ज्यांना 'अरे-तुरे' करायचा माझा हक्क अजून शाबूत आहे असे माझे सगळे वर्गमित्र आणि मैत्रिणी,

संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. वकिलाला वीस मिनिटं म्हणजे नुसतं घसा साफ करायला, पण जेवण गार होईल अशी धमकीही मिळालेली आहे. तेव्हा थेट मुद्द्यावर येते.

सकाळी आपण दिवंगत मित्रांची नावं वाचली आणि दोन मिनिटं उभे राहिलो. स्मरणिकेत त्यांच्या नावापुढे 'अल्पशा आजाराने' असं छापलं आहे. त्यातले काही जण कशानं गेले ते या मांडवात प्रत्येकाला ठाऊक आहे. बाईंना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून मोठ्यानं सांगते: दारूनं. पहिल्या बाकावर बसणारा, भूमितीची प्रमेयं न अडखळता मांडणारा पोरगा चाळिशीतच पोटात पाणी होऊन गेला. त्याची बायको आज इथे आलेली नाही. आपण बोलावलं होतं.

याच दुःखातून आपल्यातल्या काहींनी एक ठराव लिहिला आहे: 'सांगली जिल्ह्यात संपूर्ण दारूबंदी करावी.' कागद सकाळपासून फिरतोय. मी त्यावर सही केलेली नाही. का केली नाही, एवढंच सांगायला उभी आहे.

पहिली गोष्ट, महाराष्ट्रात दारूबंदी आहेच! हसू नका. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा मोरारजी देसाई गृहमंत्री असताना झाला. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बलसारा खटल्यात त्याची काही कलमं रद्द केली, बाकीचा कायदा उभा राहिला. पुढे परवाने सैल होत गेले, 1973 मध्ये देशी दारूचे नियम आले, नाक्यानाक्यावर सरकारमान्य दुकानं झाली. कायद्याचं नाव तेवढं बदललं. आजही कायद्याच्या भाषेत दारू पिणं हा हक्क नाही, ती परवान्यानं मिळालेली सूट आहे. बियरला वय 21, बाकीच्या दारूला 25. एका दिवसाचा परवाना देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. आज रात्री मळ्यावर ज्या 'गप्पांच्या मैफली'चा बेत आहे, तिथे किती जणांच्या खिशात हा कागद असेल ते मी विचारत नाही. ढाब्यावर बसलात तर तुम्हाला कलम 84 आणि ढाबेवाल्याला 68, एवढं लक्षात ठेवा. सल्ल्याची फी नको.

हा कायदा नेमका कुणाला धरतो, ते गेली पंचवीस वर्षं तालुक्याच्या कोर्टांतून बघते आहे. दोषारोपपत्र उघडलं की मजकूर पाठ असल्यासारखा असतो. 'बातमीदारामार्फत बातमी मिळाली की, एक महिला झुडपाच्या आडोशास...' पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन, आंबट उग्र वासाचं द्रव, 180 मिलीच्या बाटलीत नमुना, बुचावर लाखेचं सील, पंचांच्या सह्यांचं लेबल, उरलेला माल जागीच नष्ट. लागलं 65 (ई). मग रासायनिक विश्लेषकाचा अहवाल येईपर्यंत तारखा. तोवर पंच फितूर होतात, कारण तेही त्याच गल्लीत राहतात. बाई सुटते, नाहीतर दंड भरते, आणि दंड भरायला पैसे हवेत म्हणून पुन्हा कॅन घेऊन बसते. भट्टी लावणारा, नवसागर आणि काळा गूळ पुरवणारा, स्पिरिटची गाडी रात्री आणणारा, यांची नावं त्या कागदात क्वचित दिसतात.

माझ्या एका अशिलानं मला कोर्टाच्या पायरीवर विचारलं होतं, "मॅडम, माझा मालक दारू पिऊन मेला. ती त्या पाटी लावलेल्या दुकानातली होती. त्यांना कुणी धरत न्हाई. माझ्याकडं पाटी न्हाई म्हणून मी चोर व्हय?" मी तिची केस लढवली. प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हतं. तिच्या हातची दारू निरुपद्रवी होती असं कुणी समजू नये. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालाड-मालवणीला शंभराहून जास्त माणसं विषारी दारूनं मेली. मिथेनॉल पोटात गेलं की शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल करतं. आधी डोळे जातात, मग माणूस. आणि असली दारू कोण पितं? ज्याला पाटीवाल्या दुकानातली परवडत नाही तो.

आता आपल्याकडचं खरं बोलू. आपण ऊसवाले. आष्ट्याच्या चारी बाजूंनी ऊस, आणि गळीत हंगामात पेठ-सांगली रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांची रांग. साखर झाली की मळी उरते, मळीतून स्पिरिट, स्पिरिटमधून देशी. उसाचा दर मागताना मळीचे पैसे धरूनच मागतो आपण! इथेनॉल आता पेट्रोलमध्ये जातं ते चांगलंच आहे, पण बाटलीचा आणि आपल्या शेताचा संबंध नाही असं कुणी म्हणू नये. सरकारचंही तेच. 2025 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं विदेशी दारूवरचं शुल्क वाढवलं तेव्हा जास्तीच्या चौदा हजार कोटींचा अंदाज सांगितला गेला. ज्या बाटलीवर तिजोरी उभी आहे ती सरकार आपल्या ठरावानं फोडेल, हे मला पटत नाही.

बंदीचा अनुभवही बघा. वर्ध्यात ती सत्तरच्या दशकापासून आहे. चंद्रपूरला बायकांनी मोर्चे काढून 1 एप्रिल 2015 ला मिळवली, 2021 च्या मेमध्ये सरकारनं ती उठवायचं ठरवलं. बिहारनं 2016 मध्ये केली. कोर्टं जामिनाच्या अर्जांनी इतकी भरली की 2022 मध्ये पहिल्यांदा पिताना सापडलेल्याला दंडावर सोडायची दुरुस्ती करावी लागली. गडचिरोलीत 1993 पासून आहे, आणि तिथलं वेगळेपण मला महत्त्वाचं वाटतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' संस्था आणि सरकार यांनी 2016 पासून 'मुक्तिपथ' चालवलं. गावागावांत संघटना आणि जोडीला व्यसनमुक्तीचे उपचार. बंदी पोलिसाच्या काठीवर सोडली नाही.

आपल्या मुलखाला हे नवं नाही. प्रतिसरकारच्या दिवसांत, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी या भागात दारूचे अड्डे बंद पाडले होते. पत्रीचा धाक होता हे खरंच. पण गावाची न्यायमंडळंही होती. आजच्या काळात पत्री नको. माझा तर धंदाच बसेल.

एक विषय घाईत सांगते, कारण आपली मुलं त्या वयाची आहेत. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, मुंबईपुरतं राहिलेलं नाही. 2024 मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यात इरळीला आणि 2025 च्या जानेवारीत विट्याजवळ कार्व्याला त्याचे कारखानेच सापडले. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात एमडीची 2 ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा आणि 50 ग्रॅमच्या वर व्यापारी मात्रा. व्यापारीला दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी, जामीनही जवळजवळ नाही. पोरगा सापडला तर आईबाप 'प्रकरण मिटवायला' माणूस शोधत फिरतात. त्याच कायद्यात 64 (अ) आहे: अल्प मात्रेत किंवा सेवनात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावर खटला चालवू नये. हे कलम कुणी मागतच नाही, कारण मागायचं तर पोरगं व्यसनी आहे असं लिहून द्यावं लागतं, आणि मग सोयरीक कशी जमणार! दारूचंही असंच. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे. तिथे नेण्याऐवजी आपण त्याला नवस बोलून माळ घालायला लावली, आणि भावईच्या दिवसांत ती सुटली की त्यालाच बोल लावला.

तर ठरावाऐवजी काय? 25 मार्च 2008 चा आदेश आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या एकूण महिला मतदारांपैकी 25 टक्के जणींनी सही करून मागणी केली, तर राज्य उत्पादन शुल्क खातं सह्या पडताळतं आणि गुप्त मतदान होतं. चिन्हं दोन, उभी बाटली आणि आडवी बाटली. मेख पुढे आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. यादीत हजार बायका असतील तर 501. जी आली नाही तिचं मत उभ्या बाटलीला पडल्यासारखंच. जी सासरी गेली पण नाव इथेच राहिलं तिचं, जी मजुरीला बाहेरगावी आहे तिचं, आणि जिला नवऱ्यानं त्या दिवशी घराबाहेर पडू दिलं नाही तिचंसुद्धा. आमदारकीला असली अट लावली तर विधानसभेत किती खुर्च्या भरतील?

तरी मला हाच रस्ता बरा वाटतो. यात पाटीवालं दुकान बंद होतं, कॅनवाली बाई तुरुंगात जात नाही. शेजारच्या प्रभागात जाऊन पितील, हे मान्य. पण शाळेच्या वाटेवरचा अड्डा गेला, पगाराच्या दिवशी घराआधी लागणारं दार गेलं, तरी एखाद्या घरात पीठ येईल. हातभट्टीच्या तक्रारीही मग एकेकट्या बाईनं न देता त्याच दीडदोनशे जणींनी मिळून द्याव्यात, आणि त्यात पुरवठादाराचं नाव घालावं.

ज्या घरचं आमंत्रण रिकामं परत आलं, तिथे मी मागच्या आठवड्यात जाऊन आले. मागणीपत्रावर पहिली सही तिची आहे. दोनशे अठरा सह्या झाल्यात, आमच्या प्रभागाला अजून शंभरेक लागतील. ज्या मैत्रिणींची नावं अजून इथल्या यादीत आहेत त्यांनी जेवणानंतर दारापाशी थांबावं. सोबत मतदार ओळखपत्राचा नंबर लागेल. ज्यांच्या लग्नानंतर दोन ठिकाणी नोंदी झाल्यात त्यांनी आधी मला भेटा, म्हणजे पडताळणीत सही बाद होणार नाही. पुरुषमंडळींची सही यात चालत नाही. त्यांनी मतदानाच्या दिवशी पोरं सांभाळावीत आणि स्वयंपाकाचं बघावं.