आरोग्यखात्याची घडी आणि आपला जिल्हा



आरोग्यखात्याच्या कारभाराची फेरमांडणी हा विषय आपण मला दिला. विषय रूक्ष आहे. मी डॉक्टर नव्हे, कायदेपंडितही नव्हे. सातवीनंतर जे वाचले ते कामगारांचे अर्ज लिहिण्यापायी वाचले. परंतु परिचारिका, वाहनचालक, सफाई कामगार ह्यांच्यासाठी तीस वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्यावर एवढे कळले, की रोग्याला वेळेवर उपचार मिळेल की नाही हे पुष्कळदा दवाखान्यात ठरतच नाही. कोणत्या कचेरीला कशाचा अधिकार आहे, त्यावर ते ठरते.

आपल्या पंचक्रोशीतील एखाद्या अडलेल्या बाळंतिणीची वाट डोळ्यांसमोर आणा. उपकेंद्रातली परिचारिका जिल्हा परिषदेची. तिचा वरिष्ठ जिल्हा आरोग्य अधिकारी. तेथे निभले नाही म्हणून बाईला तेरच्या ग्रामीण रुग्णालयात आणले, तर ते राज्य शासनाचे. तेथला वरिष्ठ जिल्हा शल्यचिकित्सक. तेथून वीसएक किलोमीटरवर धाराशिवला न्यावे, तर जिल्ह्याचे मोठे रुग्णालय आता वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याचे. मध्ये धावणारी १०८ ची गाडी २०१४ पासून ठेकेदारामार्फत चालते. आणि रात्री बाईचा हात धरून आलेली आशाताई तर कोणाचीच नोकर नाही, ती मानधनावरची स्वयंसेविका ! बाई एक, पोटातले मूल एक, वाट वीस किलोमीटरांची आणि धनी इतके. काही बरेवाईट झाले तर प्रत्येक धनी खरेच बोलतो, की हे आमच्याकडे येत नाही.

ही घडी एका दिवसात पडलेली नाही. १९४६ साली भोर समितीने सांगितले होते की रोग होऊ न देणे आणि झालेला रोग बरा करणे ही दोन कामे वरपासून खालपर्यंत एकाच हाती असावीत. त्या वेळी आपण निजामी अंमलात होतो. आपले स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ चे. पुढे महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली, मोठी रुग्णालये शासनाकडे राहिली. १९७० साली मुंबईत वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्य ही दोन खाती एक करून आरोग्यसेवा संचालनालय उभे राहिले. म्हणजे वर जोडले आणि खाली जे तुटलेले होते ते तसेच ठेवले. मग २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आले. त्याचा पैसा तिसऱ्याच वाटेने, जिल्ह्याच्या एका सोसायटीमार्फत येऊ लागला, आणि त्याबरोबर कंत्राटी माणसे आली. एकाच दवाखान्यात तेच काम करणाऱ्या दोन परिचारिका, एकीला पेन्शनीची खात्री आणि दुसरीला पुढच्या वर्षाचीही नाही.

ह्यांच्यामध्ये बसले आहे परिमंडळ. राज्यात अशी आठ परिमंडळे आहेत. लातूरच्या परिमंडळात लातूर, धाराशिव, बीड आणि नांदेड. महसुलाचा विभाग पाहावा तर आठही जिल्ह्यांचा मिळून छत्रपती संभाजीनगरला. आयुक्त एका गावी, आरोग्याचे उपसंचालक दुसऱ्या गावी. हेही चालले असते, उपसंचालकांच्या हाती पुरेसा अधिकार असता तर.

आमच्या एका सभासद परिचारिकेची बदली झाली आणि तीस खाटांच्या रुग्णालयातली तिची जागा रिकामी पडली. रुग्णालयाने जिल्ह्याला लिहिले, जिल्ह्याने परिमंडळाला, परिमंडळाने मुंबईला. मुंबईने विचारले, हे पद मंजूर आहे काय ? तो प्रश्न त्याच पायऱ्यांनी खाली उतरला आणि उत्तर त्याच पायऱ्यांनी वर चढले. अकरा महिने गेले. तोवर रात्रपाळीला तीस खाटांमागे एकच बाई. कागदावर कोणाचीही चूक नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. प्रत्येकाने आपल्या मुदतीत टपाल पुढे पाठविले होते.

आपण गोरोबाकाकांच्या गावचे लोक. थापटणे घेऊन मडके कच्चे की पक्के हे त्यांनी कसे पाहिले, ते तुम्हाला मी सांगणे नको. कचेरीलाही तसेच वाजवून पाहावे. रिकामी जागा भरण्याचा, रजा देण्याचा, संपलेले औषध स्थानिक पातळीवर घेण्याचा अधिकार तुझ्याकडे आहे काय ? नसेल तर ती कचेरी नव्हे, ते टपालघर आहे.

दूरचे उदाहरण घ्या. इंग्लंडची राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. ती उभी करणारे मंत्री अॅन्यूरिन बेव्हन पोरवयात कोळशाच्या खाणीत उतरलेले. तेथे १९७४ साली प्रादेशिक मंडळे आणि त्यांच्याखाली क्षेत्रीय मंडळे नेमली. १९८२ साली क्षेत्रीय मंडळे मोडली. २०१३ साली सारी रचना पुन्हा नवी. २०२२ साली बेचाळीस नवी मंडळे. आणि २०२५ साली शिखरसंस्थाच मोडणार असे जाहीर. शहाण्या देशातही पाट्या रंगविणाऱ्याला काम कमी पडत नाही !

आपल्याकडे सध्या जिल्हा रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडण्याचा ओघ आहे. महाविद्यालय हवेच; आपल्या मुलांनी डॉक्टर व्हावे, तज्ज्ञ जिल्ह्यात राहावेत. पण लातूरला हे घडले तेव्हा जिल्हा रुग्णालय गेले, आणि वेगळ्या जिल्हा रुग्णालयासाठी लोकांना वर्षानुवर्षे मागणी करावी लागली. नांदेडचे तर आपण विसरलेलो नाही. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर तेथल्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात अर्भके. उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. कारणांचा वाद मी येथे करीत नाही. मी एवढेच दाखवितो, की नांदेड लातूर परिमंडळात असूनही ते रुग्णालय दुसऱ्या खात्याचे, म्हणून परिमंडळाची सत्ता त्याच्या दारापर्यंतच. खेड्यातले दवाखाने कमी पडले की रोगी तेथे जातात, पण खेड्यातले दवाखाने आणि ते रुग्णालय ह्यांचा हिशेब एका टेबलावर कधी येत नाही.

तेव्हा आमच्या संघटनेचे म्हणणे असे. उपकेंद्रापासून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत जिल्ह्यात एकच आरोग्य प्राधिकार असावा, मंजूर पदे भरण्याचा अधिकार आणि पैसा त्याच्याकडे असावा, आणि तो निवडून आलेल्या जिल्हा परिषदेला जबाबदार असावा. यावर लगेच आक्षेप येतो की मग पुढाऱ्यांच्या शिफारशी चालतील. चालतील ! शिफारस आजही चालते, फक्त ती मुंबईत होते म्हणून आपल्याला दिसत नाही. गावची शिफारस चौकात कळते. परिमंडळ मोडा असे मी म्हणत नाही. चार जिल्ह्यांना मिळून जे लागते ते त्याने करावे : प्रशिक्षण, तज्ज्ञांची फिरती, एका जिल्ह्यात पडून असलेले औषध दुसरीकडे पोहोचविणे.

आणि माणसांचे काय ? फेरमांडणीच्या कागदावर चौकटी असतात, माणसे नसतात. २०२३ च्या ऑक्टोबरात अभियानाचे कंत्राटी कर्मचारी बेमुदत संपावर गेले, ते काही हौसेने नव्हे. खाती एक करताना त्यांची सेवा धरली नाही, तर नव्या घडीच्या पहिल्याच दिवशी निम्मी कामे करणारे हात अस्वस्थ असतील.

ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिची शेवटची बैठक केव्हा झाली, मंजूर पदे किती, भरलेली किती, हे तिला लेखी विचारा. उत्तर मिळाले तर त्याची एक प्रत मला द्या. परिमंडळाकडे जाताना मला ती हवी आहे.