शेजारघरची मनी

आमची मनी दुपारीं शेजारच्या माईंकडे जेवते व ‘चंपी’ म्हणतांच धांवत जाते, हें कळलें तेव्हां मला राग आला. त्यांतच दोन्ही घरचें दूध पिऊन तिचें पोट बिघडलें. मोठ्या मांजरांपैकीं पुष्कळांना दूध पचत नाहीं. भांडावयास म्हणून गेलों, तों त्या एकाकी घरांत माई आजारी मनीला मांडीवर घेऊन रात्रभर जागलेल्या! मांजराला आपली मालकी ठाऊक नसते. जिथें गाल घांसून आपला गंध ठेवलेला, तें घर त्याचें. शेवटीं वांटणी झाली: खाणें, लस व औषध माझ्याकडे, दुपारची मांडी माईंकडे. मनीला शोधण्याच्या निमित्तानें आतां मीहि तिकडे जातों. मांजर निम्में गेलें. शेजार मात्र पुरा मिळाला.