दुकानाचे निरोप कुणाकुणाला जातात?

माझ्या वहिनींचं चिपळूणला घरगुती पदार्थांचं छोटं दुकान आहे. आगळ, आंबोशी, भाजणी, मेतकूट. पाच-सहा वर्षांपासून हाच माल त्या इंटरनेटवरूनही विकतात. मागच्या वर्षी गणपतीच्या चार दिवस आधी त्यांचा फोन आला. "भावोजी, पुण्याची गिऱ्हाइकं फोनवर फोन करतायत. पैसे गेले, माल नाही. आणि कुरिअरवाला म्हणतो, आमच्याकडे तुमची ऑर्डरच आलेली नाही." अशा अकरा ऑर्डरी होत्या. पैसे जमा झालेले, मागणी नोंदलेली. फक्त कुरिअरकडे खबर पोचली नव्हती.

ही खबर जाते कशी, ते आधी सांगतो. पूर्वी कुरिअरच्या संगणकाला दर थोड्या वेळानं दुकानाच्या संगणकाला विचारावं लागे, "काही नवीन आहे का?" बहुतेक वेळा उत्तर यायचं, "नाही." आता उलट व्यवस्था असते. ऑर्डर पडली की दुकानच आपणहून, ठरवून दिलेल्या इंटरनेटच्या पत्त्यावर निरोप धाडतं. याला वेबहुक म्हणतात. जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये हे नाव रूढ केलं. अमुक घटना घडली की तमुक पत्त्यावर कळवा, अशी नोंद एकदा करून ठेवायची. सोय मोठी आहे. पण एकदा केलेली नोंद पुन्हा कुणी उघडून बघत नाही. आम्हीही बघितली नव्हती.

वहिनींचं दुकान वूकॉमर्स या सॉफ्टवेअरवर चालतं. त्यात सेटिंग्जमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड या भागात वेबहुक्सची यादी मिळते. मी चिपळूण गाठलं, आम्ही दोघं शेजारी बसलो आणि यादी उघडली. सात नोंदी निघाल्या. त्यातल्या चार वहिनींनी ओळखल्या. कुरिअरची नोंद त्यातलीच, पण तिच्यापुढे 'डिसेबल्ड', म्हणजे बंद, असं लिहिलेलं. वूकॉमर्सचा नियम असा, की निरोप पोचवण्यातली सलग अपयशं पाचाच्या पुढे गेली की ती नोंद आपोआप बंद होते. एका संध्याकाळी पलीकडचा संगणक काही काळ बंद होता, तेवढं पुरलं. संगणक पुन्हा सुरू झाला. नोंद मात्र हातानंच सुरू करावी लागते. ती आम्ही केली आणि अकरा ऑर्डरी फोनवरून सांगून रवाना केल्या. गणपतीचं निभावलं.

खरा धक्का उरलेल्या तीन नोंदींचा होता. त्यातल्या एकीचं नाव नुसतं 'टेस्ट'. संकेतस्थळ बनवून देणाऱ्या मुलानं चाचणीसाठी स्वतःच्या संगणकाचा पत्ता दिला होता आणि काढायचा विसरला होता. तेव्हापासूनची प्रत्येक ऑर्डर, गिऱ्हाइकाचं नाव, घरचा पत्ता, फोन नंबर यांसह त्याच्याकडे जात होती. मुलगा सज्जन. त्याला विचारलं तर तोच घाबरला. पण सज्जन होता हे आमचं नशीब. दुसरी नोंद निघाली मोबाइलवर संदेश पाठवणाऱ्या एका कंपनीची, जिच्याशी करार संपून दोन वर्षं झाली होती.

इथे एक गंमत ध्यानात घ्या. जो पत्ता मेला, तो अपयशं मोजून आपोआप गळतो. जो पत्ता जिवंत आहे पण आपल्याला नको आहे, तो प्रत्येक निरोपाला "पोचलं" म्हणतो आणि म्हणून वर्षानुवर्षं यादीत टिकतो. म्हणजे तक्रार नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे, असा होत नाही. प्रत्येक नोंदीसोबत एक गुप्त किल्लीही असते. तिच्यामुळे माहिती झाकली जाते असा पुष्कळांचा समज आहे. तो चूक आहे. निरोप खरोखर आपल्याच दुकानातून आला, एवढंच त्या किल्लीनं पलीकडच्याला ताडून पाहता येतं. पलीकडचा माणूस निरोप वाचतोच.

शॉपिफायवर दुकान असेल तर काम जरा वाढतं. तिथे दुकानदारानं स्वतः केलेल्या नोंदी सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्सच्या भागात दिसतात. पण बाहेरच्या प्रत्येक अ‍ॅपनं केलेल्या नोंदी वेगळ्या असतात, आणि एका अ‍ॅपला दुसऱ्याची यादी दिसत नाही. म्हणून तिथे आधी बसवलेल्या अ‍ॅपचीच उजळणी करावी. नको असलेलं अ‍ॅप काढलं की त्याच्या नोंदीही जातात.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही, काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्याचीच मानली आहे. पण मला विचाराल तर कायद्यापेक्षा वहिनींचं म्हणणं जास्त पटतं. त्या म्हणाल्या, "बायका मला घरचा पत्ता देतात तो भाजणी पोचावी म्हणून. त्याच्या पोराच्या कपाटात पडावा म्हणून नव्हे."

त्यांनी उधारीच्या वहीत मागून पानं आखली. पत्ता कुणाचा, कोणत्या घटनेसाठी, कुणी सांगितला म्हणून दिला, शेवटचा निरोप कधी पोचला. हे शेवटचं स्टेटसमधल्या लॉग्जमध्ये सापडतं. 'टेस्ट' आणि ती संदेशवाली नोंद आम्ही काढून टाकली. त्या मुलानं आपल्याकडचा साठा पुसला, आणि तो पुसताना मी शेजारी बसलो होतो.

राहिली सातवी. तिचा पत्ता कुणालाच ओळखता येईना. अशी नोंद एकदम काढू नये, 'पॉज्ड' करून ठेवावी आणि कोण ओरडतं ते बघावं, असा माझा सल्ला. सणाच्या धामधुमीत मात्र हे करू नये, म्हणून अनंत चतुर्दशीपर्यंत थांबलो. नोंद थांबवली आणि आठव्या दिवशी हिशेब लिहिणाऱ्या काकांचा फोन आला, "अहो, विक्रीच्या वहीत आठवडाभर एकही ऑर्डर नाही. दुकान बंद ठेवलंय का?" सातवी नोंद त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची होती. नोंद थांबलेली असताना निरोप साठून राहत नाहीत. त्यामुळे त्या आठवड्याच्या सगळ्या ऑर्डरी त्यांच्या वहीत हातानं भराव्या लागल्या. अर्थात, मलाच.